पाच दिवसांच्या गोळ्या

सन्माननीय अध्यक्ष मदनसिंगजी, मुंबईच्या औषध कंपनीचे एजंट रामधनजी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या दवाखान्याचे कंपाउंडर अन्सारमियाँ, आणि शेलूबाजारच्या बंधुभगिनींनो,

मियाँ सव्वीस वर्षांची नोकरी संपवून घरी निघालेत. दोन शब्द बोला, असा अध्यक्षांचा हुकूम झाला. मी औषधांचा दुकानदार, वक्ता नव्हे. पण आधी एक विचारतो. निरोपाला आलेला पाहुणा नमुन्यांची पेटी घेऊन येतो काय, रामधनजी?

ते म्हणतात, जर्मन-जपानची लढाई संपली, जंतू मारणारी नवी औषधं निघताहेत, एजन्सी घ्या. मी म्हणतो, पाच दिवसांत रोगी उठून बसला तर सहाव्या दिवशी दुकानात येणार कोण? माझ्या काढ्याचं गिऱ्हाईक जन्मभर टिकतं. हसू नका, खरं तेच सांगतो! स्वतःचं गिऱ्हाईक संपवणारं औषध विकायला कंपनी एवढी का धडपडते? पाणी कुठंतरी मुरतंय.

हा संशय माझा जुना आहे. तीन वर्षांपूर्वी माझी बायको कस्तुराबाई न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. मियाँ स्वतः सल्फाच्या, म्हणजे जंतू मारणाऱ्या, गोळ्या घेऊन घरी आले. म्हणाले, "भाऊ, ताप उतरला तरी पाच दिवस पुरे करजा. मधातच बंद करू नका बरं."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कस्तुरानं भाकर मागितली. मला वाटलं, ताप गेला, मग आणखी गोळ्या कशाला? कंपनीचा खप वाढवायला! मियाँनाही कमिशन असेल. मी उरलेल्या गोळ्या डबीत घालून दुकानाच्या फळीवर ठेवल्या.

"आज गोळी नाई देत काय मले?" तिनं विचारलं.

"आता गरज नाई," मी म्हणालो.

सहाव्या दिवशी ताप उलटला. धावत जाऊन डबी आणली, गोळ्या दिल्या. उपयोग झाला नाही. आठव्या दिवशी ती गेली.

अंगणात तुम्ही सगळे जमला होतात. मी ओरडून सांगितलं, मियाँच्या गोळ्या खोट्या निघाल्या. तुम्ही विश्वास ठेवलात. पार आसेगावपर्यंत लोक त्यांच्या हातचं औषध घेईनासे झाले.

पुढे, मी दुकान बंद ठेवलं होतं तेव्हा, मियाँ तिथं आले. डबी मी परत फळीवर ठेवली होती, तीत पाच दिवसांतल्या काही गोळ्या अजून शिल्लक होत्या. त्यांनी उघडून पाहिलं, झाकण लावलं. "भाऊ, दुकान बंद ठेवू नका. लोकाइले औषध लागते," एवढंच बोलले. आजवर कुणाला काही सांगितलं नाही. मला त्याचाही संशय आला. म्हटलं, हा माणूस एक दिवस किंमत वसूल करील. आज तो निवृत्त होतोय, आणि त्यानं काहीच मागितलं नाही.

रामधनजी, तुमच्या धंद्यावर माझा अजूनही भरवसा नाही. पण गोळ्या खऱ्या होत्या, मंडळी. खोटं मी बोललो. मियाँ, मला लाज वाटते, माफ करा.

अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. मियाँची माफी आज मागितली. कस्तुराची मागायची राहिली.