स्वप्नीलच्या नावावरचे बदल

प्रवीण : काका, मी काही पुसणार नाही. फक्त नव्या व्हर्जनमध्ये बदलून घेणार.

पोपट : बदलणार म्हंजे पुसणारच की रं. माज्या स्वप्नीलनं केलेला डेअरीच्या हिशोबाचा प्रोग्राम हाय तो. तो गेल्यापास्नं आमी कुणाला हात लावू दिला नाय.

सुरभी : आबा, आता लावावाच लागेल. दुधातलं फॅट मोजायचं नवं मशीन त्याच्याशी जुळत नाही. डेअरीत रोज खोळंबा होतोय. कडाव गावातली माणसं दुसरीकडं दूध घालायला लागलीत.

पोपट : मग तू नवा लिही, सूनबाई. तुला येतंय की.

सुरभी : ह्यांनीच शिकवलं. ह्यांचं उघडलं, तर पुढचं लिहीन. पण माझ्या लॅपटॉपवर उघडत नाही. फार जुन्या पद्धतीचं आहे म्हणतंय, आधी बदलून घ्या.

प्रवीण : आणि एकदा बदललं, की डेअरीतला जुना कॉम्प्युटर ते वाचू शकणार नाही. मागं फिरता येत नाही.

पोपट : बघ! मी काय म्हनत होतो?

प्रवीण : नाहीतर नुसत्या शेवटच्या फायली उचलतो. काम चालेल. पण स्वप्नीलनं कधी काय बदललं, का बदललं, ते सगळं जाईल.

सुरभी : नको, भाऊजी. आबा, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी शेवटचा बदल केला. डेअरीतल्या कॉम्प्युटरवर त्याच्याखाली लिहिलंय, "आबांना बारीक आकडे दिसत नाहीत. अक्षर मोठं केलं."

पोपट : ...मला वाटलं, नव्या चष्म्यानं दिसतंय.

प्रवीण : काका, असं करू. आधी जशीच्या तशी प्रत काढू. बदल त्या प्रतीत. मूळ आहे तिथंच राहील.

पोपट : मंग दोनी चालत राहतील?

प्रवीण : नाही. वहिनी पुढं जे करतील, ते नव्यातच येईल. जुनं आहे तेवढंच राहणार.

पोपट : त्याचं हाय तसं ऱ्हाऊ दे. कर तू.

(प्रवीण आधी प्रत काढतो, मग त्या प्रतीत बदल चालू करतो.)

प्रवीण : झालं. अगदी पहिल्यापासूनचे सगळे बदल आलेत. एकही सुटला नाही.

सुरभी : आता मशीनचा बदल टाकते. कुणी केला, ते विचारतंय. आबा, ह्यांचंच नाव राहू देऊ?

पोपट : नाय गं. त्यानं त्याचं केलं. ह्ये तू केलंस, तुजं घाल.