पात्यापलीकडे

(लाकूड कापायच्या गिरणीतली शेड. भर दुपार. मशीन नुकतंच बंद केलंय. पातं तुटून खाली पडलंय.)

बायको: हात नका लावू त्याला! तुटलं म्हणून काय झालं, पातंच आहे ते. तापलंय केवढं!

मिस्त्री: तुला लागलं नाही ना कुठं?

बायको: बाहीला चाटून गेलं. वीतभर इकडं आलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

मिस्त्री: आत खिळा असणार. बाभळीचा ओंडका, कुणाच्या तरी दारातलं झाड. कपड्यांची दोरी बांधायला ठोकला असेल कधीकाळी, वरून साल चढली. बाहेरून काय कळणार?

बायको: बाहेरून कळत नाही हे मला नका शिकवू. टोकाला बघा की! हा एवढा काळानिळा डाग. आत लोखंड असलं की बाभूळ अशी काळी पडते, हे तुम्हीच सांगितलंत ना मला, मी इथं नवी होते तेव्हा?

मिस्त्री: उजेड कमी आहे शेडमध्ये.

बायको: भर दुपारी? ऊन थेट ओंडक्यावर पडलंय.

मिस्त्री: झाली चूक. माणूस आहे मी.

बायको: तुम्ही? लाकडातली टाचणीसुद्धा हुडकून काढणारे तुम्ही? थांबा. तो डाग दाखवा बरं मला.

मिस्त्री: आता परीक्षा घेतेस का माझी?

बायको: दाखवा ना. समोर तर आहे.

मिस्त्री: हा काय. हा.

बायको: ती गाठ आहे. डाग डावीकडं आहे. चांगला तळहाताएवढा आहे.

मिस्त्री: असेल.

बायको: अहो. इकडं बघा. मान नका वळवू, समोरच बघत राहा. मी हात वर केलाय का खाली?

मिस्त्री: सोड ना आता.

बायको: वर का खाली?

मिस्त्री: नाही दिसत.

बायको: अगं बाई.

मिस्त्री: ओरडू नकोस. बाहेर माणसं आहेत.

बायको: डॉक्टरकडं गेला होतात ना? चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणालात मला.

मिस्त्री: नंबर नाही. आतली शीर वाळत चाललीय म्हणाला. कडेकडेचं दिसणं आधीच गेलं. मधलं राहिलंय थोडं, नळीतून बघावं तेवढं. पुढं तेही जाईल. औषधानं जरा हळू जाईल, एवढंच. गेलेलं परत येत नाही.

बायको: मग कापताना रेघ कशी धरता?

मिस्त्री: रेघ मधोमध असते.

बायको: आणि मी?

मिस्त्री: तू काय?

बायको: मी मधोमध नसते. मी पलीकडं असते, फळी ओढायला, पात्याच्या कडेला. मी दिसते का तुम्हाला?

मिस्त्री: नाही.

बायको: माझे हात?

मिस्त्री: नाही गं.

बायको: म्हणून ते! म्हणून मला दर फळीला ‘सोडलं, सोडलं’ करून ओरडायला लावलंत! इतकी वर्षं हाताच्या खुणेवर काम केलं आपण, या खडखडाटात कोण बोलतंय? आणि मी वेडी मनात हरखले. म्हटलं, उतारवयात नवऱ्याला माझा आवाज ऐकावासा वाटतोय.

मिस्त्री: ऐकायला बरंही वाटायचं.

बायको: गोड नका बोलू! आणि मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, तर?

मिस्त्री: मग थांबायचो जरा. अंदाज घ्यायचो. एवढ्यात सोडलं असेल तिनं. आणि लोटायचो.

बायको: असेल?

मिस्त्री: हो.

बायको: माझ्या बोटांचा अंदाज घेत होतात तुम्ही?

मिस्त्री: रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मशीन सुरू झालं की धीर जायचा. भ्यालो मी. मिस्त्री गेला की मालकानं राहायला दिलेली मागची खोली गेली. नवा येईल तो आपलं बिऱ्हाड घेऊनच येईल. आपण कुठं जायचं? लाकूड कापण्याखेरीज मला येतं काय?

बायको: मला इतका राग आलाय ना, की तुमच्याकडं बघवत नाही.

मालक: काय मिस्त्री! बाहेर सांगतायत, पातं गेलं म्हणून?

मिस्त्री: मालक, बरं झालं आलात. मला जरा सांगायचंय—

बायको: माझी चूक झाली, मालक. डाग होता ओंडक्यावर. मी म्हटलं, बघितलाय मी, लावा खुशाल.

मालक: तुम्ही? अहो वहिनी, ते बघायचं काम मिस्त्रीचं.

बायको: त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मालक: असो, जीव वाचले. पण मिस्त्री, राग मानू नका, हे परत झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. धंदा आहे हा.

बायको: मालक, एक विचारू? मशीनवर मी उभी राहिले तर? ओढायला ह्यांना ठेवा. मला सगळं येतं, एवढी वर्षं समोरून बघतेच आहे.

मालक: काय वहिनी! गिऱ्हाईक दारातूनच परत फिरेल. आणि मिस्त्रीला ओढायला लावू? चारचौघांत हसं होईल की त्यांचं.

बायको: गंमत केली हो.

मालक: तरीच! उद्या सकाळी नवं पातं बसवून देतो. हा बाभळीचा ढीग आधी संपवा.

मिस्त्री: गेला?

बायको: गेला.

मिस्त्री: मी जातो त्याच्या मागं. सांगून टाकतो खरं काय ते.

बायको: खाली बसा.

मिस्त्री: अगं, उद्या तुझ्यासमोर मशीन चालवू मी? आता तुला ठाऊक असताना?

बायको: मला ठाऊक नव्हतं तेव्हा चालवलंतच की.

मिस्त्री: बोल. बोलशील तेवढं कमीच आहे.

बायको: बोलून काय होतंय? खोली सोडून जायचं तर कुठं, ते सुचत नाही. राहायचं तर हे असं. दुसरं काही असेल तर तुम्ही सांगा मला.

मिस्त्री: नाही.

बायको: मग झालं तर.

मिस्त्री: आणि एखाद्या दिवशी तुझा हात गेला म्हणजे?

बायको: दुसरा आहे. उठा, अंगावरचा भुसा झटका. जेवून घेऊ.