गोपालसेठची ग्रीसची सहल

आपल्या जठारपेठेतले गोपालसेठ तुमाले माहीत आहेत न, बियाण्याच्या दुकानवाले? त्या वर्षी मृगात एक सर आली अन् सेठनं दुकानात येईन त्याले सांगितलं, "पेरून टाका, पाऊस लागला." पाऊस गेला तो महिनाभर आलाच नाही. बी जळालं, लोकाईले दुबार पेरणी करा लागली, अन् सेठच्या बॅगा दुप्पट खपल्या. बियाण्याची कंपनी खूश झाली, तिनं सेठले ग्रीसची सहल देली. कुठलंसं बेट, त्यावर मासे मारणाऱ्याईचं गाव, समुद्राकाठी आठवडाभर नुसतं लोळाचं.

सेठ पक्के शाकाहारी. दुकानात बसून आमचा सल्ला घेऊन राहिले होते. खाकरे ठरले, ठेचा ठरला, सोबत स्वयंपाकी न्यावा का याच्यात दुपार गेली. मंग एकदम त्याईचं तोंड उतरलं.

"सलीमभाई, तिथं पाऊस आला तं? सारी सहल वाया जाईन न."

मी म्हटलं, "पावसाचा अंदाज तं तुमीच देता सेठ. तुमीच सांगा."

"मजाक नका करू. वाया गेली तं कंपनी काय म्हणन?"

"तुमी गिऱ्हाइकाईले म्हणता तेच म्हणन. आमचा माल चांगलाच होता, तुमचं नशीब खराब. आता दुसरी सहल विकत घ्या."

सेठनं आमच्यासाठी चहा सांगितला होता. तो अजून येऊनच राहिला.