रांजणातला मुगि

(जपानच्या शिकोकू बेटावर डोंगरातलं घर, सकाळची वेळ. बैठकीत साखरपुड्याचे पाहुणे बसले आहेत. मागे स्वयंपाकघरात चिझुरु पाण्याच्या मोठ्या रांजणात वाकून, आत बसलेल्या मुगिशी, म्हणजे घराण्याच्या कुत्र्याच्या भुताशी, बोलते आहे.)

चिझुरु : ...बहाणे नकोत! बाहेर ये आधी.

मुगि : पाहुणे जाईपर्यंत रांजणात बस, ही तुमचीच आज्ञा, मालकीणबाई.

चिझुरु : आणि कुणाला चावायचं नाही, ही आज्ञा कुठे गेली? तिकडे शिगेकी, माझा होणारा नवरा, पायानं कान खाजवतोय. पायानं, मुगि!

मुगि : लवचीक आहे बुवा मुलगा.

चिझुरु : आहेरात आणलेल्या तांबड्या माशावर बसून गुरगुरला. स्वतःच्या आईवर! तिनं ताट जरा सरकवलं, एवढंच.

मुगि : माझा इलाज नाही. तीनशे वर्षांचा नेम आहे. या घराण्यातल्या बाईला ज्याचा हेवा वाटेल, त्याला मी चावायचं. तुमच्या पणजीबाईंना गावप्रमुखाच्या रेशमी किमोनोचा हेवा वाटला, तर तो बापडा आठ दिवस चंद्राकडे तोंड करून रडत होता. तुम्ही सात वर्षांच्या असताना ओकुमुराकाकूंची कलिंगडं...

चिझुरु : ते आता उगाळू नकोस! मला शिगेकीचा कसला हेवा वाटणार?

मुगि : ते मी कसं सांगू? हेवा करणाऱ्यानं तोंडानं कबूल केलं, की माझा दात सुटतो. करा कबूल.

चिझुरु : बरं. त्याचे केस न विंचरताही सरळ राहतात. आई! बरी आलीस. सुटला का?

आई : कसला सुटतोय! आत्ता बसायच्या आधी आसनाभोवती तीन चकरा मारल्या त्यानं. विहीणबाई म्हणतात, लग्नाची धास्ती असेल. पण नजर बदलायला लागलीय त्यांची. हे कुत्र्याच्या भुताचं घर आहे असं कळलं, तर उठून जातील. माझी तीन स्थळं अशीच गेली.

चिझुरु : आणि बाबा?

आई : त्यांना मांजराची भीती वाटायची, म्हणून हो म्हणाले. तू बोल लवकर!

चिझुरु : तीन वाट्या भात खातो आणि अंगाला लागत नाही! एका झटक्यात गाडी मागे घेतो! कुठेही झोप लागते मेल्याला! सुटला?

आई : भुंकला.

मुगि : खोलवरचा हेवा दिसतोय. आतून काढा.

आई : थांब, मीच बोलते. मला विहीणबाईंचा हेवा वाटतो. माझी एकुलती एक लेक त्यांच्या तिकडे, दूर सेंदाई शहरात चालली. झालं, बोलले.

चिझुरु : आई गं... अजून हुंगतोय तो. दाराशी आलाय.

आई : मुगि.

मुगि : जी, थोरल्या बाईसाहेब.

आई : शेपूट का पायात घातलंयस?

मुगि : रांजण अरुंद आहे.

आई : माझ्याकडे बघ.

मुगि : ...सेंदाईला रांजण नसतो म्हणे. नळ असतो. फोनवर सांगत होता तो शिगेकी, ऐकलं मी. लेक सासरी निघाली की मी तिच्यासोबत जायचं, हाही नेमच. आजवर गेलो. हिनं सगळी बांधाबांध केली. शिवणयंत्र घेतलं, उन्हाळी चपला घेतल्या. माझं नाव नाही. आणि त्या पोराला जन्मभर हिच्या शेजारी बसायला मिळणार. वाटला हेवा. हिला नाही, मला. पहिल्यांदाच वाटला, तर आवरायचा कसा ते ठाऊक नव्हतं.

चिझुरु : मुगि!

आई : भुंकणं थांबलं बघ. मी चहा घेऊन जाते. आलेच.

चिझुरु : अरे, त्याला सांगायची हिंमतच झाली नाही मला. लग्न मोडलं तर? रोज म्हणायचे, उद्या सांगू. चुकलंच माझं.

मुगि : जाऊ दे पोरी. थोरल्या बाईंनाही सोबत लागेलच की इथं.

चिझुरु : रडतोयस तू?

मुगि : रांजणात बसलोय. पाणी असायचंच.

आई : चिझु, ऐक. शिगेकीनं मला ओसरीवर बाजूला घेतलं. म्हणाला, गेल्या अर्ध्या तासातलं काही आठवत नाही. फक्त आपल्याला मागे टाकून सगळे चाललेत, असं वाटून ऊर भरून येत होता. माझं नव्हे ते, म्हणाला. कुणाचं आहे?

चिझुरु : तू सांगितलंस?

आई : सगळं सांगितलं. मग विचारतो, तो रांजण गाडीत आडवा ठेवला तर चालेल का?

मुगि : ...उभाच लागतो म्हणावं. आडव्यात मला मळमळतं.