तियामिकेचं आरोग्य-पुस्तक

मग विश्वास ठेवायचा कुणावर, सांगा — दवाखान्याच्या रजिस्टरवर, की माझ्यासारख्या दुकानदारावर? हसलात! बसा, कारकूनसाहेब, त्या खोक्यावरच टेका. आजपासून ते रजिस्टर तुमच्या हातात, म्हणून विचारतो. एकोणीस वर्षं दुकान आहे माझं दवाखान्याच्या या फाटकासमोर — हातमोजे, पट्ट्या, मक्याचं पीठ, आणि ही आरोग्य-पुस्तकं. पुस्तक घेतल्याशिवाय आत कुणी तपासत नाही. म्हणजे रोगी डॉक्टरच्या आधी मला, या म्बेवेला भेटतो! तर माझी तियामिके — बायको हो माझी — सरोवराच्या रस्त्यावर मिनीबस उलटली, तिला आणलं. पुस्तक मीच दिलं. नर्सनं लिहिलंय, हे बघा — ‘दहा वाजून दहा. शुद्धीवर. बोलते आहे.’ बोलते कसली, मलाच झापत होती, दुकान उघडं टाकून आलात म्हणून! पोटात रक्त साचत होतं. दीडला गेली. आणि तुमच्या रजिस्टरात काय? ‘आणली तेव्हाच मृत.’ काचिंग्वेचं अक्षर — अपघात विभागाचा मुख्य, तोच. वाटेत मेलेला माणूस त्याच्या विभागात मोजत नाहीत ना! कमी मृत्यूंचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलंय त्यानं. पण रजिस्टर त्याचं, पुस्तक रोग्याचं — पुस्तक घरी जातं, एवढं विसरला गडी! तीन वर्षं गावोगाव सायकल हाणतोय मी. तेवीस पुस्तकं जमवली — रजिस्टरात सगळे वाटेत मेलेले, पुस्तकात सगळे बोलणारे. बुधवारी राजधानीतून, लिलाँग्वेहून तपासणीवाले येतायत. ते प्रमाणपत्र त्याच्याच हातानं, सगळ्यांदेखत उतरवायला लावीन, मगच — काय? सलाईन? नव्हतं ना! दवाखान्याचं कपाट रिकामं. मी इकडे दुकानात धावलो, तर सकाळीच शेवटचं खोकं मी खाजगी दवाखान्याला — थांबा, काय वाचताय तुम्ही? उठा, उठा त्या खोक्यावरून… हो. सरकारी शिक्का आहे. काचिंग्वे दवाखान्याचा माल मागच्या दारानं पाठवायचा, मी पुढच्या दारात विकायचो. सगळेच करतात — म्हणजे, असं म्हणायचो मी. माल कुठून येतो, तिला नव्हतं सांगितलं. ‘सलाईन तुमच्याकडे असेल की हो,’ म्हणाली.

असो. गिऱ्हाईक खोळंबलंय, निघा आता. पुस्तकं घेऊन जा — आणि ते खोकंही न्या. काचिंग्वेचं नाव लिहाल, त्याच ओळीत माझं लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा, साहेब. दहा वाजून दहा.