बापूच्या ट्रॉलीचा लाल रंग

आमच्या देवळालीच्या बापूसारखा हौशी चुलतभाऊ देवाने शत्रूलाही देऊ नये. ट्रॉली उसाची, पण तिच्यावर मोठाले स्पीकर आणि त्यांना वेगळी बॅटरी. ट्रॅक्टर चालला की ती चार्ज व्हायची. दसऱ्याला बापूसाहेबांनी ट्रॉली रंगवली आणि चार्जिंग बंद. उद्या हंगामाची पहिली खेप, आणि गाण्याशिवाय कारखान्यावर जायचं म्हणजे केवढी बेअब्रू!

"दादा, बॅटरी नवी टाकली, डायनामो खोलला. नजरच लागली, दुसरं काय!" बापू म्हणाला. लिंबू-मिरची आधीच बांधली होती. तेवढा एकच इलाज शास्त्रशुद्ध होता.

मी खाली वाकलो. बॅटरीची अर्थिंगची वायर चासीला, म्हणजे ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे आवळतात, तिथेही लालभडक ऑइलपेंट!

"अरे शहाण्या, रंगातून करंट जातो का?"

जागा खरवडून वायर आवळली. चार्जिंग सुरू झालं, गाणं असं दणाणलं की म्हैस दावं तोडून पळाली.

सकाळी बापूचा फोन.

"दादा, परत बंद! तुझं काम काय टिकाऊ न्हाई."

"खरवडलेल्या जागेला काय केलंस?"

"लई वंगाळ दिसत हुती. वायर काढून रंगाचे चांगले दोन हात मारले."