आपापल्या हाताने

नमस्कार मंडळी.

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पहिल्या दोन ओळी रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला कोणालाच आवडत नाही, पण या.

मला बोलायची सवय नाही. मघाशी मंडळाचे अध्यक्षसाहेब किती छान बोलले, कागदाकडे न बघता. मी कागद आणलाय, पण तो घडी करून ठेवते. सांभाळून घ्या. काकू, मी काय बोलणार ते तुम्हाला सकाळी सांगितलंय. तुम्ही "बोल" म्हणालात. म्हणून उभी आहे.

मी अश्विनी. मूळची नाशिकची. इथे परदेशात कुकरीचा कोर्स करायला आले, आता एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करते. दत्ताकाका माझे कोणी नव्हते. आणि तरी गेल्या मंगळवारी त्यांच्या अंगावर शाल घालताना मला वाटलं, या देशातलं माझं घरच गेलं.

तुम्हाला ती वर्षं आठवतात? विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. आपल्या क्लेटन भागात गॅरेजसुद्धा भाड्याने जात होती. आम्ही सहाजणी एका घरात होतो. तीन खोल्या, एक बाथरूम आणि बाथरूमच्या दारावर टाइमटेबल. आणि तेव्हाच राज्य सरकारने ते दोन कायदे केले. एका कुटुंबातले नसलेले चारपेक्षा जास्त लोक एका घरात राहू शकणार नाहीत, हा एक. आणि तसे सापडले तर मालक सात दिवसांत त्यांना बाहेर काढू शकतो, हा दुसरा. म्हणे आमच्या सुरक्षेसाठी! आमच्या घरातला स्मोक अलार्म बंद होता. तो बदला म्हणून आम्ही मालकाला तीनदा फोन केले होते. त्याने अलार्म बदलला नाही. आम्हाला बदललं.

परीक्षेचा आठवडा होता. आमचं सामान नेचर स्ट्रिपवर, म्हणजे घरासमोर रस्त्याकडेच्या गवतात. बॅगांच्या ढिगावर माझा पोळपाट. समोरून एक गृहस्थ दूध घेऊन चालले होते, टोपी घातलेले. थांबले. आम्हाला काही विचारलं नाही. पोळपाटाकडे बघून म्हणाले, "हा कोणाचा?"

मी म्हटलं, "माझा."

"मग चला. घरी कणीक मळलेलीच आहे."

हे आमचे दत्ताकाका. तीस-एक वर्षं मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढलेली, तिथल्या युनियनचं काम केलेलं. काकूंनी दार उघडलं, सहा मुली बघितल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मोठा कुकर लावते." त्या रात्री मीच घाबरून म्हटलं, काका, आता तुम्हीच कायदा मोडताय. चारपेक्षा जास्त आहोत. तर म्हणाले, "येऊ दे इन्स्पेक्टरला. सांगतो सगळ्या माझ्या पुतण्या आहेत. आणि घर सुरक्षित करायचं तर घर दुरुस्त करा म्हणावं. माणसं बाहेर काढून घर सुरक्षित होतं होय?"

तिथून सुरू झालं सगळं. काकांनी ठरवलं, या दोन कायद्यांवर सार्वमत मागायचं.

या राज्यात लोकांनी मागितलं म्हणून सरकारला सार्वमत घ्यावंच लागतं, असं नाही. काकांना ते पक्कं माहीत होतं. आपण फक्त विनंती करू शकतो. पण आपल्या भागाच्या एमपी बाई, म्हणजे आपल्याकडच्या आमदारासारख्या, म्हणाल्या, की मतदार यादीतल्या लोकांच्या भरपूर सह्या आणा, हे कायदे ठेवायचे की नाहीत हे लोकांनाच विचारा अशी मागणी मी राज्याच्या पार्लमेंटमध्ये मांडते. मतदार म्हणजे सिटिझन. म्हणजे मी नाही. माझ्यासारख्या कोणाचीच सही चालणार नव्हती. ज्यांना घराबाहेर काढलं त्यांना मत नव्हतं. मत होतं तुम्हाला.

म्हणून काका तुमच्याकडे आले.

आठवतोय तो क्लिपबोर्ड? त्याला सुतळीने बांधलेलं पेन? काकांचा एकच नियम होता, कारखान्यापासूनचा. आपापली सही, आपापल्या हाताने. काकूंचे हात एकदा उकडीत होते, मोदकांची घाई चाललेली. त्या म्हणाल्या, "अहो, माझीही तुम्हीच करून टाका." काका बोर्ड घेऊन ओट्याशी उभे राहिले. "मत द्यायला मी जातो का तुझ्याऐवजी? हात धू, मी थांबतो." आणि थांबले. काकूंनी हात धुतले, पुसले, सही केली. हो ना काकू?

मग गणपतीत, याच हॉलमध्ये, प्रसादाच्या टेबलाशेजारी आम्ही कागद ठेवले. टेबलावर मी बसले होते. काका मखराचे दिवे बघायला गेले होते. तुम्ही आलात. भरभरून आलात, हे मला मान्य आहे. "विद्यार्थ्यांसाठी ना? द्या इकडे." आणि घरटी एकजण सही करत होता. स्वतःची, बायकोची, आईची, युनिव्हर्सिटीत गेलेल्या मुलीची. "ती आरतीत आहे, मीच करतो ना चौघांच्या." आपल्याला सवयच आहे. लग्नपत्रिकेवर सहकुटुंब सहपरिवार, आहेराच्या पाकिटावर एकच नाव. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

मी बघत होते. मला नियम माहीत होता. आणि मी गप्प बसले. पानं भरत होती, मला बरं वाटत होतं, आणि साडेतीनला माझी शिफ्ट होती. ही माझी चूक. आज ती सगळ्यांसमोर सांगते. काकांनी मला त्याबद्दल एकदाही बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागतं.

पुढचं तुमच्यातल्या काहीजणांना माहीत आहे. सगळ्यांना नाही. म्हणून सांगते.

एमपी बाईंच्या ऑफिसने सह्या तपासायला घेतल्या. काही घरी फोन गेले. तुम्ही सही केलीत का? बायको म्हणाली, नाही, मी कुठे केली? खरंच होतं ते. तिने केलीच नव्हती. मग ऑफिसने लेखी मागितलं. पाच घरांनी लिहून दिलं. ती पत्रं काकांसमोर ठेवली तेव्हा मी शेजारी बसले होते. पाचही पत्रांत दोनच वाक्यं होती. "ही सही माझी नाही. ती कोणी केली मला माहीत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं.

दुसरं?

जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून लिहिलं असेल ना ते? सही करणारा समोर बसलेला, आणि ती कोणी केली मला माहीत नाही? अहो, घाबरलात, मी समजू शकते. परक्या देशात सरकारी फोन आला की मीही घाबरते. पाचांतल्या दोघांची क्लेटनमध्ये भाड्याने दिलेली घरं होती, तेही मी समजून घेते. पण तुम्ही नुसते मागे सरकला नाहीत. तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला पुढे ढकललंत.

एमपी बाईंनी विचारलं, "या सह्या कोणी केल्या?" काकांना पाचही घरं माहीत होती. मी आदल्या दिवशी रडत रडत सगळं सांगितलं होतं. मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "कागद माझ्या ताब्यात होते. जबाबदारी माझी." बाईंनी सगळा गठ्ठा परत केला. ज्यांच्या सह्या खऱ्या होत्या, त्यांच्याही गेल्या. सार्वमताचा विषय तिथेच संपला. ते दोन कायदे आजही आहेत.

गाडीत मी ओरडले काकांवर. का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "अगं, नावं सांगितली तर खोट्या सहीचं त्यांच्यावर येईल. नोकऱ्या आहेत, लहान पोरं आहेत. मी रिटायर माणूस, माझं काय वाकडं होणार?" मग सिग्नलला थांबल्यावर हसून म्हणाले, "येतील गं ते. एकेक करून येतील, सांगतील. मराठी माणूस उशिरा येतो, पण येतो."

वाकडं झालं, काका. तुमचं नाव गेलं. "खोट्या सह्या करणारे काका." हे या हॉलमध्ये, चहाच्या रांगेत मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुढच्या गणपतीत मंडळाच्या कमिटीतून तुमचं नाव काढलं. "यंदा तुम्ही विश्रांती घ्या." काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. आणि काका? दर शनिवारी दुपारी पुढच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. काकू जास्तीचा चहा टाकायच्या. कोणी आलं तर असावा म्हणून. दोन वर्षं. तो चहा शेवटी मी प्यायचे.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी डॉक्टर नाही. मी काही म्हणत नाही.

पण मघाशी या माइकवरून "मंडळाचा आधारस्तंभ" हे शब्द आले तेव्हा मला वाटलं उठून बाहेर जावं. आधारस्तंभ! अध्यक्षसाहेब, दोन वर्षांत एका शनिवारी तरी टेकला असतात त्या स्तंभाला.

आज आलात सगळे. ती पाच घरंही आली आहेत. मी नावं घेणार नाही. काकांनी घेतली नाहीत, मी कोण घेणारी? पण येताना दाराशी शोकसंदेशाची वही ठेवली होती, ती मी चाळली. आणि काय सांगू तुम्हाला. त्यातही एकाच अक्षरात चार-चार नावं आहेत.

म्हणून त्या वहीशेजारी मी आता काकांचा बोर्ड ठेवलाय. एक कागद आहे. त्यावर लिहिलंय, "दत्ताकाकांच्या कागदावर माझ्या नावाची सही माझ्याच घरातल्या माणसाने केली होती. काकांनी केली नव्हती." हा कागद सरकारला जाणार नाही. एमपी बाईंना जाणार नाही. तो काकूंच्या हातात जाणार आहे, एवढंच. सगळ्यात वर मी लिहिलंय, "माझ्यासमोर झाली आणि मी बोलले नाही." खाली माझी सही आहे. तुमच्या देशाच्या कागदावर माझी सही चालत नव्हती. या कागदावर चालते.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. एक विनंती आहे. कोणी कोणाच्या वतीने उभं राहू नका. मौनही ज्याचं त्याने पाळा. आणि त्या दोन मिनिटांत कोणाला दारापर्यंत चालत जावंसं वाटलं, तर जा. पावलांचा आवाज झाला तरी चालेल. काकांना चालला असता.

काका, तुम्ही म्हणाला होतात, येतात. बघा, आले आहेत.

पेन बांधलेलं आहे. मी थांबते.

उठा.